काटो खंय आसा?

माझ्या बायकोच्या मामांच्या मते अख्ख्या मुंबईत मेस्त्री एकच होता आणि बाकीचे सगळे हेल्पर. हा एकुलता एक मेस्त्री कोण, ते मामा स्वतःच्या तोंडानं कधी बोलले नाहीत, कारण बोलायची गरजच नव्हती. चकचकीत शोरूममधला टाय लावलेला मॅनेजर हेल्पर, परदेशात शिकून आलेला इंजिनियर हेल्पर, त्यांचा डोळ्यांचा डॉक्टरसुद्धा हेल्परच. "माणूस बरो आसा, पण हेल्पर," असं ते त्याच्याबद्दल मोठ्या मनानं म्हणत. मला ऑफिसात बढती मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. पेढा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "म्हणजे आता किती हेल्परांचो हेल्पर?" मी पार्ल्यात वाढलेला माणूस. समोरच्याची चूक काढल्याशिवाय आम्हाला चहा गोड लागत नाही. पण या माणसात मी वीस वर्षं चूक शोधतोय आणि अजून माझ्या हाती काही लागलेलं नाही. शेवटी मी नाद सोडला आणि गुपचूप त्यांना मानायला लागलो.

मामांचं घर भांडुपला आणि इंजिनं बांधायचा गाळा मुलुंडला. या दोन जागांमध्ये मामा दोन वेगळी माणसं असायचे. घरी मी भाचीचा नवरा, म्हणजे जावई. तिथे मला "जावयबापू, तुमी बसा", "जावयबापूंका सोलकढी वाढ गो" असला मान. पाट, ताट, पहिला मासा मला. पण गाळ्याच्या शटरखालून मान वाकवून आत शिरलो की संपलं सगळं. "काय रे मेल्या, चपला खंय घालून इलंस? काढ आधी!" शटरच्या अलीकडे "तुमी", पलीकडे "मेल्या". सुरुवातीला मला राग यायचा. नंतर माझ्या लक्षात आलं की गाळ्यात ते स्वतःच्या सख्ख्या मोठ्या भावालाही मेल्याच म्हणतात. भाषेचंही तसंच. गिऱ्हाइकाशी हिंदी, मनासारखं काम झालं की मुंबईची मराठी आणि डोकं फिरलं की अस्सल मालवणी. त्यामुळे त्यांचं काय चाललंय हे बाहेर रस्त्यावर उभं राहूनही कळायचं.

त्यांची माझी पहिली भेट माझ्याच लग्नात झाली आणि तिचा पुरावा म्हणजे आमच्या लग्नाचा अल्बम. मंगलाष्टकं चालू होती. अंतरपाटाच्या पलीकडे माझी बायको हार घेऊन उभी, तिच्या मागे मामा. रीतच ती, मामानं भाचीच्या पाठीशी उभं राहायचं. तिसऱ्या मंगलाष्टकाला मामांनी मान तिरकी केली. चौथ्याला कपाळाला आठ्या पडल्या. पाचव्याला त्यांनी भाचीला तिथेच सोडलं आणि फेटा सावरत पाहुण्यांमधून धावत सुटले. आम्हाला वाटलं, कुणाला काही झालं की काय! तेवढ्यात हॉलमधले सगळे दिवे गेले आणि मागच्या अंगणातून आरोळी आली, "तेल नाय तेच्यात! भाड्यान देतत आणि तेल बगूक नको?" भाड्यानं आणलेला जनरेटर मामांनी बंद केला होता. सनई, ताशे, भटजी आणि तीनशे माणसांच्या गलक्यातून त्यांना त्या जनरेटरचा घसा कोरडा पडल्याचं ऐकू आलं होतं. झाकण उघडल्यावर खरोखरच तळाला थेंबभर तेल निघालं. आमचं लग्न मोबाईलच्या उजेडात लागलं. हाराच्या फोटोत मी आहे की माझा भाऊ, यावर घरात अजून वाद होतात.

गाळ्यातली त्यांची काम करायची पद्धत मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. इंजिन खोलायला घेतलं की आधी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवायचे आणि पान फाडून टेबलावर पसरायचे. पहिला निघालेला बोल्ट एक तारखेच्या घरात, दुसरा दोन तारखेच्या. महिना संपला की दुसरं पान. जोडताना उलट्या क्रमानं, महिनाअखेरीकडून एक तारखेकडे. शेवटी पानं रिकामी झाली पाहिजेत. एक वॉशर जरी तारखेवर शिल्लक राहिला तरी इंजिन परत खोलायचं. संकष्टीच्या घरात मात्र काही ठेवायचं नाही, गणपतीच्या दिवसावर तेलकट वस्तू नको म्हणून. चालू वर्षाचं पानही चालायचं नाही. ते वापरलं की काम लांबतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी मोठ्या उत्साहानं त्यांना सुचवलं की मोबाईलवर फोटो काढत गेलं तर सोपं पडेल. मामांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की शेवटी मीच मोबाईल बंद करून खिशात ठेवला.

पण ही सगळी कर्मकांडं ऑईल पंपापुढे काहीच नाहीत. इंजिनाच्या पोटात तळाशी तेल साठलेलं असतं. ते ओढून वरच्या प्रत्येक कानाकोपऱ्यात पोचवणारा हा पंप. मामांच्या हिशेबी बाकीचं इंजिन कुणीही बांधावं, पंप मात्र मेस्त्रीनंच लावावा, म्हणजे त्यांनीच. त्या दिवशी ते घरून डबा आणायचे नाहीत. रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं. धूळ उडू नये म्हणून पंखा बंद, भर मे महिन्यातसुद्धा. रेडिओ बंद. शेजारच्या गाळ्यातला लेथवाला एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस, पण मामांनी पंखा बंद केलेला दिसला की तो आपलं मशीन थांबवायचा आणि दाराशी येऊन हाताची घडी घालून उभा राहायचा. मग मामा पंपाच्या दात्यांमध्ये बोटानं पेट्रोलियम जेली भरायचे, म्हणजे पहिल्या फेऱ्यात पंप कोरडा फिरत नाही, हवा न ओढता तेलच ओढतो. तेल गळू न देणारी रबरी कडी, म्हणजे ऑईल सील, चारी बाजूंनी सारखं, हळूहळू बसवायचे. आणि शेवटी जोड बंद करणारं ट्यूबमधलं सिलिकॉन. पंपाच्या कडेनं त्याची एकच रेघ, शिवणाच्या दोऱ्याएवढी, कुठे तुटायची नाही की कुठे जाड व्हायची नाही. ती रेघ ओढताना मामा श्वास रोखून धरायचे आणि बघणारे आम्हीही. रेघेची दोन टोकं जुळली की लेथवाला "वाऽऽ" म्हणून आपल्या कामाला निघून जायचा.

आता माझ्या बाबांच्या गाडीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण तिच्यामुळेच मी या देवळाच्या गाभाऱ्यात शिरलो. पांढरी, जुनी, चार दारांची साधी गाडी. बाबा गेले आणि ती पार्किंगमध्ये उभी राहिली. आईला गाडी चालवता येत नाही. पण रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की ती स्वतःकडची किल्ली घेऊन खाली जाते, डावीकडच्या आपल्या सीटवर बसते, काच खाली करते, पर्स मांडीवर घेते आणि पंधरा मिनिटांनी वर येते. "हवा खाऊन आले," म्हणते. उजवीकडची सीट बाबांनी मागे सरकवलेली तशीच होती. आम्ही तिला कधी काही विचारलं नाही. काय विचारणार?

गाडी बंद पडून राहू नये म्हणून शनिवारी मी ती ऑफिसला न्यायला लागलो. एका शनिवारी समोर तेलाचा लाल दिवा लागला. माझ्या मोबाईलवर दिवसभर इतके लाल ठिपके येत असतात की लाल रंगाची भीतीच मेलीय. सेन्सर बिघडला असेल, असं स्वतःला सांगून मी तसाच दामटत राहिलो, आणि जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावरच्या पुलावर गाडीतून कुणीतरी आतून हातोडा मारतंय असा आवाज येऊन ती थांबली. सर्व्हिस सेंटरवाल्यानं टॅब्लेटवर बोट फिरवत सांगितलं, "सर, इंजिन गेलंय, इतक्या जुन्या गाडीत जीव नका घालू, भंगारात देऊन टाका." घरी येऊन आईला सांगितलं. संध्याकाळी तिनं दिवा लावला, किल्ली घेतली आणि खाली गेली. बराच वेळ झाला म्हणून गॅलरीतून वाकून बघितलं, तर आमच्या रिकाम्या पार्किंगमध्ये वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची ठेवून, मांडीवर पर्स घेऊन ती बसली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. तिथूनच मी मामांना फोन लावला आणि खुर्चीसकट सगळं सांगितलं.

"गाळ्याक आण," मामा म्हणाले. "भंगारात म्हणणारो कोण तो? हेल्पर."

खरं तर त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. ती सगळी औद्योगिक वसाहत पाडून तिथे टॉवर होणार होता आणि महिनाअखेरीला गाळ्याची किल्ली द्यायची होती. मामांनी नवीन कामं कधीच थांबवली होती. त्यानंतर मामा-मामी कायमचे गावी जाणार होते. म्हणजे माझी गाडी हे त्या गाळ्यातलं शेवटचं इंजिन. ते खाली उतरलं, खोललं गेलं, कॅलेंडरची तीन पानं भरली. तेल न मिळाल्यानं बेअरिंगं पार खरवडली होती. मामांनी एक बेअरिंग माझ्या हातात ठेवून "ह्या तुझ्या लाल दिव्याचा" एवढंच म्हटलं. मी सुट्टी काढून रोज पार्ल्याहून मुलुंडला जात होतो आणि पाने-पक्कडी पुसत होतो. शेवटी चार दिवस उरले असताना एका सकाळी पंखा बंद झाला, लेथ थांबली, लेथवाला दाराशी आला. मामांनी हात धुतले. आणि मग टॉवेल माझ्या अंगावर टाकून म्हणाले, "तू पण धू. आज पंप तू लावणार."

लेथवाल्याच्या हाताची घडी सुटली. "मी?" मी म्हणालो. "मामा, मी तर हेल्परपण नाही."

"घरच्या इंजिनाचा पंप घरच्यानंच लावायचा असतो. बापाची गाडी ना तुझ्या? मग!" असा काही नियम मी तोवर ऐकला नव्हता, पण मामांशी वाद कोण घालणार? मी तीनदा हात धुतले. मामा माझ्या खांद्याशी उभे राहिले आणि प्रत्येक गोष्ट बोटानं चाचपून "हां, पुढे" म्हणत गेले. जेली भरली. सील बसवलं. ट्यूब घेतली आणि रेघ ओढली, पहिल्यांदाच असून बऱ्यापैकी ओढली. मामांनी ट्यूब माझ्याकडून घेऊन तोलून बघितली, खाली ठेवली आणि बोल्टांसाठी पाना आणायला आतल्या बाजूला गेले. लेथवालाही गेला. मी एकटा त्या रेघेकडे बघत उभा राहिलो. इतकी बारीक? एवढ्याशा दोऱ्यावर आईची गाडी? आमच्या घरात कमी वाढणं हा गुन्हा असतो. वरणभातावर तूप वाढलं की "अजून थोडं" म्हणून दुसरा चमचा पडतोच, त्याशिवाय आईला वाढल्यासारखं वाटत नाही. त्याच प्रेमानं मी ट्यूब उचलली आणि रेघेवरून दुसरी रेघ फिरवली. अगदी मनापासून. मामा परत आले तेव्हा मी पंप जागेवर टेकवून धरलासुद्धा होता. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळले. बाहेर ओघळलेलं सिलिकॉन मी फडक्यानं पुसलं आणि बाबांसाठी काहीतरी केल्याचं समाधान वाटून डोळ्यांत पाणी आलं.

मामांनी ट्यूब जागेवर ठेवायला उचलली आणि थांबले. तळहातावर तिचं वजन घेतलं. अंगठ्यानं चेपून बघितली. पुन्हा वजन घेतलं. "दोन येळा फिरवलंस?"

मी फडकं पाठीमागे लपवलं. "थोडंसंच... म्हटलं, घट्ट राहील."

"ता काय तूप आसा रे मेल्या, भातार सोडूक!" अख्ख्या वसाहतीनं ऐकलं. लेथवाला धावत आला. "उघड! सगळा उघड!" मी बोल्ट काढले, एकेक परत त्याच्या तारखेवर ठेवला. पंप सुटला. आतल्या बाजूला, तेलाच्या वाटेच्या अगदी तोंडाशी, जास्तीचं सिलिकॉन चेपून आत घुसून शेवईसारखं लोंबत होतं. मामांनी ती शेवई बोटानं शोधून तोडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. आवाज एकदम खाली आला. "बाहेरचा पुसलंस. आतला कोण पुसतलो? ह्या सुकतला, तुटतला आणि तेलाच्या वाटेत जाऊन बसतला. आज नाय, दोन म्हयन्यांनी. तुझी आवस त्या शीटवर बसली आसतली, आणि गाडी पुलार." मी त्या शेवईकडे बघत राहिलो. मामांनी रॉकेलचं फडकं माझ्या हातात दिलं. "रडतंस कित्याक? पूस. पुन्हा ओढ. एकदाच."

दोन्ही बाजू खरवडून, पुसून, वाळवून मी पुन्हा ओढली. एकदाच. या वेळी ट्यूब मामांच्या मुठीत गेली आणि रात्रभर तिथेच राहिली असावी. एक अख्खा दिवस इंजिनाला कुणी हात लावला नाही. मग लेथवाला, त्याचे दोन भाऊ आणि मी, सगळ्यांनी साखळीनं इंजिन चढवलं. कॅलेंडरची पानं एकेक करून रिकामी झाली. शेवटच्या दिवशी दुपारी, बाहेर वीज तोडणारी माणसं येऊन उभी असताना, मामांनी इंजिनाला तेलाचा दाब दाखवणारं एक जुनं घड्याळ जोडलं आणि ठिणगीची वायर काढून ठेवली. आधी इंजिन पेटवायचं नाही, नुसतं फिरवायचं, तेल वर चढू द्यायचं. मी बाबांच्या सीटवर बसलो आणि किल्ली फिरवली. मामा घड्याळापाशीच उभे होते, पण तोंड भलतीकडे करून.

"काटो खंय आसा?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या समोरच आहे की, मामा!"

"तू सांग!"

मी मान बाहेर काढून बघितलं. "शून्यावर."

"फिरव." किल्ली फिरवत राहिलो. "आता?" शून्यावर. "आता?" शून्यावर. लेथवाल्यानं डोळे मिटले. माझ्या डोळ्यांपुढे वॉचमनची ती प्लास्टिकची खुर्ची उभी राहिली. आणि काटा हलला. हलला, थबकला आणि सरळ वर चढत गेला. मी ओरडलो, "चढला! मामा, चढला!" मामांनी फक्त मान डोलावली, चाचपडत वायर जोडली आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. ते कान देऊन पाच मिनिटं ऐकत राहिले. मग म्हणाले, "घेऊन जा. आवस वाट बघता." शाबासकी वगैरे नाही. मी पार्ल्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई खुर्चीवरून उठली, खुर्ची वॉचमनला नेऊन दिली, गाडीत बसली आणि म्हणाली, "काच खाली कर रे." नंतर बराच वेळ आम्ही दोघं तिथेच बसून होतो.

मामीनं मला खरं सांगितलं ते त्यांच्या सामानाची खोकी बांधताना. मामांना काचबिंदू. एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्यानं समोरचं जेमतेम, धुक्यातून दिसल्यासारखं. वर्षभर त्यांनी एकही पंप लावला नव्हता. आलेली इंजिनं काही ना काही कारण सांगून परत पाठवली होती, पण कुणाला कळू दिलं नव्हतं. "तुमचा फोन इलो तेव्हा मी म्हटलंय, नको म्हणून सांगा," मामी म्हणाली. "तर माका म्हणतत, बाईमाणूस खुर्चेर बसता गो, नको कसा म्हणू?" मी खोक्याला दोरी बांधत होतो, ती तशीच हातात राहिली. ज्याला रेघ दिसतच नव्हती, त्या माणसानं ट्यूबच्या वजनावरून माझी चोरी पकडली होती. घरच्या इंजिनाचा पंप घरच्यानं लावायचा, हा नियम त्या सकाळीच जन्माला आला होता. हात धुताना ते मला सांगू शकले असते, पण मी घाबरलो असतो आणि रेघ मोडली असती. हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

आता मामा गावी असतात. दर रविवारी सकाळी दहाला फोन येतो. खुशाली नाही, पाऊसपाणी नाही. "गाडी चालू कर आणि मोबाईल बोनेटवर ठेव." ते जुनं घड्याळ त्यांनी काढू दिलं नाही, अजून गाडीतच आहे. मी काटा कुठे आहे ते सांगतो आणि ते तिकडे मालवणात बसून इंजिन ऐकतात. आई तेव्हा डावीकडच्या सीटवर असते. तिलाही आता रविवारी सकाळची सवय झालीय. गेल्या रविवारी मी मोबाईल स्पीकरवर टाकून बोनेटवर ठेवला होता आणि पलीकडून भांड्यांचा खणखणाट ऐकू येत होता, मामी स्वयंपाकघरात असावी. मामांना वाटलं असेल की इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येणार नाही. ते तिला ओरडून म्हणाले, "गप रव गो जरा! मेस्त्रीचो फोन आसा."

आईनं आतून विचारलं, "काय रे, काय म्हणाले?" मी वाकून काटा पुन्हा बघितला. "काही नाही," मी म्हणालो, "तेल बरोबर चढतंय म्हणाले."